दोन इंचाचा लालभडक पीकॉक विकणाऱ्यापासून सावध

आफ्रिकन सिक्लिड (आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यातले शोभेचे मासे; पीकॉक त्यातलाच एक) नव्याने पाळणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय.

आमच्या भागातल्या एका दुकानात दीड-दोन इंचाच्या पीकॉकची अख्खी टाकी भरलेली. एकूण एक मासा रंगीत! शेंदरी, निळे, पिवळे. नगाला 600 रुपये. "सगळे नर आहेत साहेब, इम्पोर्टेड लाइन, लहानपणीच रंग धरते." घरी आणल्यावर काही आठवडे पाहुणे टाकीसमोरून हलत नव्हते. मग शेंदऱ्या माशाच्या अंगावर करडे उभे पट्टे उमटायला लागले, आणि बघता बघता सगळी टाकी राखेच्या रंगाची झाली.

पीकॉक म्हणजे आफ्रिकेच्या मालावी सरोवरातला ऑलोनोकारा. याची पिल्लं, नर असो वा मादी, करडीच असतात. नराला रंग चढायला लागतो तो साधारण तीन इंचांच्या आसपास, तोही दादागिरी करणाऱ्याला आधी. दबून राहणारे नर फिकेच राहतात. मादी जन्मभर करडी. मग दोन इंचांत झाडून सगळे रंगीत कसे? खाद्यातून मिथाइल टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं कृत्रिम हार्मोन, दिलेलं असतं. त्याने माद्यासुद्धा रंगतात. ते खाद्य थांबलं की रंग गेला. माझ्याकडच्या बहुतेक माद्याच निघाल्या, आणि वेगवेगळ्या जातींच्या माद्या जवळपास सारख्याच दिसतात, त्यामुळे आता त्यांना नाव काय द्यायचं?

एक खूण मात्र बघता येते. बाजूने टॉर्च मारा. पीकॉकच्या खालच्या जबड्यावर मोठ्या छिद्रांची रांग दिसते. वाळूवर अधांतरी थांबून आतल्या किड्यांची हालचाल तो या छिद्रांनीच टिपतो. माझ्या एका 'पीकॉक'च्या जबड्यावर अशी छिद्रं औषधालाही नव्हती!

दुकानदाराचं उत्तर: "तुमचं पाणी बरोबर नसणार." मी पीएच 8.2, म्हणजे या माशांना मानवणारं पाणी, दाखवणारा टेस्ट किटचा फोटो पुढे केला. तर म्हणे, "जिवंत मालाची गॅरंटी नसते."

पिल्लं घ्यायचीच तर करडी घ्या, आणि आई-बाप दाखवा म्हणा. घरी पैदास करणारा हौसेने दाखवतो. लगेच रंग हवा असेल तर चार इंचांचा वाढलेला नर घ्या, महाग पडला तरी.

माझे मासे मी सांभाळतोय. पिल्लं झाली तर मात्र कुणाला देणार नाही. उद्या कोणीतरी त्यांनाच भारी नाव चिकटवून विकायला बसेल.