घरी येणारी पॅलिएटिव्ह (गंभीर आजारात वेदना, त्रास कमी करणारी) नर्सिंग सर्व्हिस, बाबांच्या वेळचा अनुभव
बाबा ८१ वर्षांचे, कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचलेला आणि पुढची केमो घ्यायची की नाही यावर आम्ही भावंडंच भांडत बसलेलो, बाबांना कुणी विचारलंच नव्हतं. नर्सताई पहिल्याच दिवशी त्यांच्या उशाशी बसल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला काय हवंय?" बाबा म्हणाले, आता हॉस्पिटल नको. ताईंनी ते लगेच लिहून घेतलं, डॉक्टरांशी बोलून फाईलला लावलं.

मॉर्फिनची, म्हणजे वेदना कमी करणाऱ्या त्या जोरदार औषधाची, आम्हाला फार भीती होती, पण नीट मोजून दिलं तर त्याने मरण लवकर येत नाही हे त्यांनी न कंटाळता तीनदा समजावलं, सोबत पोट साफ राहायचं औषधही सुरू केलं. जेवण सुटलं तेव्हा आई चमचा घेऊन मागे लागायची, ताईंनी तिला बोटाला ओलं गॉज गुंडाळून बाबांचे ओठ, जीभ पुसायला शिकवलं, ते करता करता आई शांत झाली.

तक्रार एकच, रात्रीचा फोन दोनदा उचललाच नाही, आणि त्रास रात्रीच वाढतो हो. ते सुधाराच. आणि ही सर्व्हिस घ्यायची असेल तर लवकर घ्या, आम्ही शेवटच्या १५ दिवसांत बोलावलं.