मस्टँग जीटीचे सायलेन्सर घरी बदलताना: कोणते घ्यावेत, कोणते टाळावेत

२००५ ते २०१४ या काळातली फोर्ड मस्टँग जीटी अमेरिकेच्या सेकंडहँड बाजारात आजही सहज सापडते. गाडी दारात आली की बहुतेकांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो सायलेन्सर बदलण्याचा. ते साहजिकच आहे. आत ४.६ लिटरचं, किंवा २०११ पासून पुढे ५ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन, आणि कंपनीने त्याचा गळा पुरता आवळून ठेवलेला. शिवाय या गाडीत हे काम घरी करण्यासारखं आहे. दोन्ही सायलेन्सर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, बंपरखाली, एक डावीकडे आणि एक उजवीकडे टांगलेले असतात. प्रत्येकाला पुढे एक क्लॅम्प आणि वर रबरी हँगर, बस्स.

काम सोपं आहे, निवड मात्र सोपी नाही. बहुतेक जण फोनवर व्हिडिओ बघून सायलेन्सर ठरवतात, आणि त्या व्हिडिओत कोणीतरी गाडीच्या मागे उभं राहून अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरचा आवाज टिपलेला असतो. तुम्ही बसणार गाडीच्या आत, तेही टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर, ताशी ७० मैलांच्या वेगात. मॅन्युअल जीटी टॉप गिअरमध्ये त्या वेगाला साधारण २००० आरपीएमवर फिरते. व्ही-८ मध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, दर फेऱ्याला चार सिलिंडर पेटतात, म्हणजे मिनिटाला ८०००, म्हणजे सेकंदाला १३३ ठोके. १३३ हर्ट्झचा हा खर्जातला आवाज बंद केबिनमध्ये नेमका घुमतो. पहिल्या दिवशी तो अंगावर शहारा आणतो. पाच तासांच्या प्रवासात तोच डोकं उठवतो, आणि शेजारी बसलेलं माणूस परत या गाडीत बसायला तयार होत नाही. म्हणून माझ्या मते निवडीची खरी कसोटी हीच: २००० आरपीएमवर आत काय ऐकू येतं?

किती पाइप बदलायचा, हे आधी ठरवा. अ‍ॅक्सल-बॅक म्हणजे फक्त मागचे दोन सायलेन्सर आणि त्यांची टोकं. कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचं (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यानंतरचं) सगळं, अ‍ॅक्सलवरून वळून जाणाऱ्या पाइपांसह. हे वळणदार पाइप बाहेर काढायचे तर गाडी बॉडीला धरून उचलावी लागते आणि अ‍ॅक्सल खाली लोंबकळू द्यावा लागतो. एकट्याने जमिनीवर उताणं पडून ते करणं जिकिरीचं आहे. पैसेही जवळजवळ दुप्पट जातात. बाकी गाडी कंपनीची जशीच्या तशी असेल, तर ताकदीत पडणारा फरक गाडी चालवताना जाणवण्याइतका नसतो. अ‍ॅक्सल-बॅकने तर तो पडतच नाही म्हटलं तरी चालेल. तुम्ही पैसे मोजता ते आवाजासाठी, हे मनाशी स्पष्ट असू द्या. आवाजासाठीच असेल तर घरच्या गॅरेजला अ‍ॅक्सल-बॅक पुरेसा आहे.

तिसरा एक पर्याय सर्रास सुचवला जातो: सायलेन्सर काढून टाका आणि त्या जागी सरळ नळी लावा. तो सगळ्यात स्वस्त पडतो, आणि मी कोणालाही सुचवणार नाही. आतला घुमणारा आवाज तर वाढतोच, वर कायद्याच्या दृष्टीने ती सायलेन्सर नसलेली गाडी ठरते. बाजारातला सर्वसाधारण मापाचा सायलेन्सर आणून वेल्डिंग करून बसवणं मात्र वाईट नाही. फक्त ते काम वेल्डिंग मशीन आणि सराव असलेल्या माणसाचं आहे.

आता मुख्य निवड, म्हणजे सायलेन्सरच्या पोटात काय आहे ते.

फ्लोमास्टर कंपनीने नावारूपाला आणलेला प्रकार कप्प्यांचा. डब्याच्या आत तिरप्या पत्र्यांचे कप्पे असतात, आवाजाच्या लहरी त्यांच्यावर आपटून एकमेकींना काही अंशी मारतात. आत भरण नसतं, त्यामुळे जळून जाण्यासारखं काही नाही. आवाज करकरीत, धातूचा, जुन्या अमेरिकन व्ही-८ चा. ज्याला तोच हवा असतो त्याला दुसरं काही पटत नाही. किंमतही कमी, साध्या पत्र्यातला संच साधारण तीन-चारशे डॉलरपासून. पण २००० आरपीएमवर घुमण्यात हा प्रकार सगळ्यांच्या पुढे. रोज ऑफिसला जाण्याच्या गाडीला मी तो लावणार नाही.

बोर्ला आणि मॅग्नाफ्लो या कंपन्यांचा भर आरपार नळीच्या सायलेन्सरवर. आतली नळी आरपार जाते, तिला सर्वत्र बारीक भोकं असतात, आणि भोवती उष्णता सोसणारे तंतू दाबून भरलेले असतात. वरच्या पट्टीचा कर्कशपणा हे तंतू शोषून घेतात, खर्ज तेवढा उरतो. ऐकायला हा आवाज गोल आणि भरीव लागतो. स्वस्तातल्या मालात काही वर्षांनी भरण जळून उडून जातं आणि गाडी हळूहळू जास्त बोंबलू लागते, म्हणून इथे नावाजलेला ब्रँड घेण्यात अर्थ आहे. बोर्लामध्येही आवाजाच्या पायऱ्या आहेत: एस-टाइप मध्यम, तर अटॅक पार मोकळा. हायवेवर फिरणाऱ्याने एस-टाइपच्या वर जाऊ नये, असं मी ठामपणे सांगेन.

कोर्सा या कंपनीची गोष्ट वेगळी. त्यांच्या सायलेन्सरमध्ये मुख्य मार्गाला जोडून बाजूचे मार्ग ठेवलेले असतात. तिथे लहर वळून परत येते तेव्हा ती मूळ लहरीच्या नेमकी उलट अवस्थेत असते आणि घुमणारी पट्टी कापली जाते. दाबलं की गाडी गरजते, स्थिर वेगात शांत होते. हाच परिणाम काही कारागीर बाजूला एका टोकाने बंद असलेली नळी जोडून साधतात. १३० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजासाठी ती मीटरभराच्या आतबाहेर लांब लागते, आणि गाडीखाली तेवढी जागा शोधणं ही वेगळीच कटकट. कोर्सा महाग आहे, पण घरात लहान मूल असेल किंवा रोज दीड-दोन तास गाडीत जात असतील, तर तो जास्तीचा पैसा सत्कारणी लागतो.

आणखी एक पर्याय, जो मला फार आवडतो. २००७ पासून आलेल्या शेल्बी जीटी-५०० चे, म्हणजे मस्टँगच्याच जास्त ताकदीच्या मॉडेलचे, कंपनीचे सायलेन्सर. ती गाडी ५०० हॉर्सपॉवरची. तिचे मालक हौसेने सायलेन्सर बदलतात आणि जुने, जवळजवळ नवे, विकायला काढतात. २००५ ते २००९ च्या जीटीला ते थेट बसतात. आवाज मूळच्यापेक्षा स्पष्टपणे खोल, पण फोर्डने स्वतः पारखलेला, त्यामुळे घुमणं अगदी कमी. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने आधी हे शोधावेत.

धातूकडे दुर्लक्ष करू नका. न्यू जर्सी, मिशिगन, शिकागो अशा ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते सायलेन्सर खातं. अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेलं साधं पोलाद लेप खरवडला गेला की गंजतं. ४०९ या प्रतीच्या स्टेनलेसवर वरवर तांबूस गंज चढतो, पण ते टिकतं. ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते सगळ्यात टिकाऊ. जुना माल घेताना खिशात चुंबक ठेवा: ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला चिकटत नाही किंवा जेमतेम ओढला जातो. टेक्सास-कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागात ३०४ साठी जास्त पैसे घालवायची गरज नाही.

प्रत्यक्ष कामाचं सांगतो. आदल्या रात्री क्लॅम्पच्या नटवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी पूर्ण थंड हवी आणि जमीन सपाट, काँक्रीटची. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागून उचला, आणि अ‍ॅक्सलच्या नळ्यांखाली जॅक स्टँड द्या. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. त्याचं सील एका क्षणात सुटू शकतं आणि तेव्हा हलायलाही वेळ मिळत नाही.

नट १५ एमएमच्या सॉकेटने ढिला होतो. वेळ खातात ते रबरी हँगर. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर सायलेन्सरच्या सळईला असं चिकटतं की ओढून हात दुखतात. तेलाऐवजी साबणाचं घट्ट पाणी लावा, कारण तेलाने रबर फुगतं. मग हँगर काढायची पक्कड लावून रबर पुढे सरकवा. सळईच्या टोकाला फुगीर गाठ असते, ती एकदा पार झाली की सुटलं. शेवटचा हँगर काढण्याआधी सायलेन्सरखाली खोका सरकवून ठेवा, नाहीतर तो जड डबा तोंडावर येतो.

नवा बसवताना क्लॅम्प आधी हातानेच आवळा. मग मागे दहा पावलं जाऊन दोन्ही टोकं एका उंचीत आहेत का बघा. टोक आणि बंपर यांच्यात चारही बाजूंनी निदान एक बोट जागा ठेवा, कारण तापल्यावर पाइप लांब होतो आणि प्लॅस्टिक वितळतं. त्यानंतरच, सूचनापत्रात दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने), पक्कं आवळा. चालू करण्याआधी स्टेनलेस स्पिरिटने पुसून घ्या. बोटांचा तेलकटपणा राहिला तर तो जळून ठसे कायमचे उमटतात. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत थोडा धूर दिसेल, तो कारखान्यातल्या तेलाचा असतो, घाबरू नका. गाडी फिरवून पूर्ण थंड झाली की क्लॅम्प पुन्हा तपासा.

गाडी बर्फाळ राज्यात दहा-बारा हिवाळे काढलेली असेल, तर मात्र घरी हट्ट करू नका. तिथे क्लॅम्प कापावे लागतात, पाइपही तुटतो, आणि दुकानातली तासाभराची मजुरी त्यापुढे स्वस्त पडते.

कायदा राज्यागणिक बदलतो. कन्व्हर्टर काढून टाकणं किंवा निकामी करणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानेच बेकायदेशीर आहे. त्यानंतरचा सायलेन्सर बदलता येतो, आवाजाची मर्यादा पाळून. कॅलिफोर्नियात गाड्यांसाठी ती ९५ डेसिबल आहे. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये कायदा करून दंडाची कमाल १००० डॉलरवर नेली. भारतात परतताना मॉडिफाय केलेली गाडी न्यायचा किंवा तिथल्या मस्टँगला हे करायचा बेत असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि कलम १९०(२) आधी वाचा. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो आपल्याकडच्या पेपरांत नेहमी येतात.

काढलेले मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका. कापडात गुंडाळून माळ्यावर टाका. गाडी विकताना कंपनीचा संच सोबत असला की गिऱ्हाईक खूश असतं, आणि नवा संच वेगळा विकून निम्मे-अर्धे पैसे सुटतात.