‘सेलिब्रिटी आवाज’ पॅकेज : रेकॉर्डिंग फक्कड, कागद कच्चा

सणासुदीला सांगलीच्या गल्लीबोळांतून भोंग्याच्या रिक्षा फिरायला लागतात. त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग आणि जोडीला फ्लेक्स करून देणाऱ्या विश्रामबागेतल्या एका स्टुडिओच्या सेवेचं हे परीक्षण. नाव मुद्दाम देत नाही. असं पॅकेज देणारा तो एकटा नाही.

आधी साधं पॅकेज. स्थानिक निवेदकाचा आवाज, 40 सेकंद, दोन दुरुस्त्या त्याच पैशात, दुसऱ्या दिवशी फाईल. काम नेटकं. आवाज भोंग्याच्या हिशेबाने बसवतात : खर्ज कापलेला, मधला पट्टा उचललेला, वाक्यावाक्यात थोडी उसंत. खालचे सूर भोंग्यात वाजत नाहीत, नुसते घरघरतात, हे त्यांना नीट कळतं. पार्श्वसंगीत बारीक ठेवतात, दुकानाचा पत्ता शेवटी दोनदा आणि सावकाश घेतात. रिक्षा चालू असताना ऐकणाऱ्याच्या कानावर जेमतेम पंधरा सेकंद पडतात, त्यात पत्ता सापडला पाहिजे.

महाग पॅकेज म्हणजे ‘सेलिब्रिटी आवाज’. नटाच्या मुलाखतीची क्लिप एआय सॉफ्टवेअरला द्यायची, मजकूर टाइप करायचा, की तो नट सराफ कट्ट्यावरच्या दुकानाचं नाव घ्यायला लागतो. पहिले दहा सेकंद कुणीही फसेल. मग ‘जोडवी’ येतात आणि त्यातला ‘ज’ थेट हिंदी ‘जो’मधला निघतो. ‘चोख’चंही तेच. आपले दोन च आणि दोन ज मशीनला वेगळे कळत नाहीत. स्टुडिओ यावर स्पेलिंग फिरवून पाहतो, तेवढ्यापुरतं जमतंही, पण मग पुढचा शब्द बिघडतो.

उच्चार आज ना उद्या सुधारतील. परवानगीचं काय? सांगलीतच जन्मलेल्या आशा भोसले यांच्या आवाजाच्या एआय नकलेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये अंतरिम मनाई दिली. त्याआधी जुलै 2024 मध्ये अरिजित सिंगच्या प्रकरणात तसाच आदेश झाला होता. दोन्हीकडे आवाजाची नक्कल बनवण्याची साधनं पुरवणारेही प्रतिवादी होते. म्हणून या स्टुडिओच्या बिलावरची ‘मजकूर व आवाजाची जबाबदारी ग्राहकाची राहील’ ही बारीक अक्षरातली ओळ फार उपयोगाची नाही. ती दोघांच्या आपसात चालेल. ज्याचा आवाज उचलला त्याला बांधत नाही. आणि ग्राहक तर अडकतोच.

आपल्याकडे व्यक्तिमत्त्व हक्कांचा, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज धंद्यासाठी कुणी वापरायचा हे आपणच ठरवण्याच्या हक्काचा, वेगळा कायदा नाही, त्यामुळे ‘कायदाच नाही तर गुन्हा कसला’ हे काउंटरवर हमखास ऐकू येतं. कोर्ट घटनेचं कलम 21 (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क), कॉपीराइट कायद्यातले कलाकारांचे हक्क, ट्रेडमार्क आणि ‘पासिंग ऑफ’ (दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं) असं सगळं जोडून हा हक्क मान्य करतं. ‘झकास’चा प्रश्नही सारखा निघतो. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरच्या नाव, चेहरा, आवाजाबरोबर त्याच्या त्या खास ढंगातल्या शब्दालाही संरक्षण दिलं. आता पाटीवर ‘झकास भडंग’ लिहिणाऱ्याने घाबरू नये. शब्द मराठीचाच आहे. अनिल कपूरच्या लकबीत वदवून किंवा शेजारी त्याचा फोटो लावून भडंग विकायला गेलात तर मात्र अवघड आहे. स्टेजवरच्या नकलाकाराचंही वेगळं : दलेर मेहंदीच्या बाहुल्यांच्या 2010 च्या खटल्यात कोर्टाने विडंबन आणि धंद्यासाठी वापर यांत फरक केला होता.

फ्लेक्सवर ‘गुगलवरून घेतलेला’ फोटो चालतो, हे स्टुडिओतल्या पोराचं उत्तर चूक. तिथे दोन हक्क असतात : फोटो किंवा सिनेमाच्या मालकाचा कॉपीराइट आणि त्या माणसाचा स्वतःचा. एकाची परवानगी दुसऱ्याला पुरत नाही. टायटन विरुद्ध रामकुमार ज्वेलर्स, 2012, हा दिल्लीचा निकाल सराफांनी आवर्जून वाचावा; अमिताभ-जया बच्चन दांपत्याच्या जाहिरातीची उचलाउचल हाच तिथला विषय होता.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय, काही झालं तरी जवळच निपटेल, हाही भ्रम. कॉपीराइटच्या दाव्यात कलम 62 नुसार हक्कदाराला स्वतः राहतो तिथल्या कोर्टात जाता येतं. नट मुंबईला राहतो, म्हणजे हेलपाटे आपल्याला.

तेव्हा इथे यायचं ते साध्या पॅकेजसाठी. त्यातही एक दुरुस्ती करून घ्यावी. निवेदकाकडून स्टुडिओ चार ओळींचं संमतीपत्र घेतो, त्यात मुदत नाही आणि एआयचा उल्लेखही नाही. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. सहाव्या वर्षी तेच रेकॉर्डिंग वाजवणाऱ्या दुकानदाराला हे महागात पडू शकतं. ऑर्डर देताना संमतीपत्राची प्रत मागा आणि त्यात एवढं लिहून घ्या : कोणत्या दुकानासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, रिक्षा-व्हॉट्सअॅप-इन्स्टाग्राम यांपैकी कुठे, आणि ‘या आवाजावरून एआय आवाज तयार केला जाणार नाही’. मागितल्यावर स्टुडिओ खळखळ न करता देतो. आपणहून देत नाही.