बागेतील दिव्यांची भूमिगत वायरिंग: पीव्हीसी पाइप, डीडब्ल्यूसी पाइप की आर्मर्ड केबल?

फाटकापासून ओट्यापर्यंत सहा-आठ दिवे लावायचे ठरले की दिव्यांच्या आकारावर घरात आठवडाभर खल होतो. जमिनीखाली काय घालायचे हे मात्र चर खणून झाल्यावर, दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या ठरते. नाशिकमध्ये ही घाई नडते, कारण येथे एकाच प्लॉटच्या एका टोकाला काळी माती आणि दुसऱ्या टोकाला हातभर खणताच मुरूम लागू शकतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यात पुरलेली वस्तू दरवर्षी थोडी हलते, हे गृहीत धरूनच पुढची तुलना वाचावी.

पर्याय तीन आहेत: कडक पीव्हीसी पाइप, दुहेरी भिंतीचा एचडीपीई (एक चिवट प्लास्टिक) म्हणजे डीडब्ल्यूसी पाइप, आणि पाइपाशिवाय थेट पुरलेली आर्मर्ड केबल, म्हणजे आवरणाखाली धातूचे कवच (आर्मर) असलेली केबल. किमतीतील फरक आहेच. परंतु बागेच्या लहान कामात खोदाई, भराई आणि पेव्हर ब्लॉक काढून पुन्हा बसवण्याची मजुरी मालाच्या फरकाला सहज झाकते, म्हणून मी निवड किमतीवर न करता वळणांवर करतो.

पाइपातून वायर ओढताना सरळ भागातील ओढ लांबीच्या प्रमाणात वाढते, वळणावर मात्र ती पटींनी वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३५ धरला, तर एका काटकोनी वळणापलीकडे सुमारे पावणेदोन पट आणि चार वळणांपलीकडे जवळजवळ नऊ पट जोर लागतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेत वायर ओढण्याच्या दोन जागांमध्ये वळणांची एकूण ३६० अंशांची मर्यादा आहे. बागेत मी १८० अंशांनंतर चेंबर, म्हणजे वायर ओढण्यासाठी उघडता येणारा झाकणाचा खड्डा, घेतो. हा शहाणपणा आधीपासून नव्हता. गंगापूर रोडवरील एका बंगल्यात तुळशीवृंदावनाला वळसा घालताना आम्ही पाचवे वळण घेतले, वायर अडली, दोघांनी मिळून ती ओढून काढली आणि आत इन्सुलेशन सोलले गेल्याचे कोणालाच कळले नाही. पावसाळा लागला आणि जोराच्या सरीसरशी आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडू लागला. दोष शोधण्यासाठी नवी हिरवळ उकरावी लागली, आणि त्याचा खर्च अर्थात आम्हीच सोसला.

पीव्हीसी पाइप सरळ रेषेत उत्तम. फाटकाच्या खांबापासून कंपाउंडच्या भिंतीलगत मुरमातून जाणारी सरळ लाइन असेल, तर त्याहून वेगळे काही शोधण्याची गरज नाही. अडचण वाकवताना येते. वीस किंवा पंचवीस मिलिमीटरचा पाइप आत स्प्रिंग घालून गुडघ्यावर हळूहळू वाकवता येतो. हवा त्यापेक्षा थोडा जास्त कोन घ्यावा, कारण सोडताच पाइप काहीसा उलगडतो. स्प्रिंगच्या कडीला सुतळी बांधणे विसरल्यास ती पाइपातच राहते. जाड पाइपासाठी हीट गन लागते, आणि ती एका जागी धरून ठेवली तर पाइप तपकिरी पडतो, आतली बाजू चेपते आणि वायरीची वाट तिथेच अरुंद होते. गन फिरवत हातभर लांबी सारखी तापवावी, पाइप लवचिक झाल्यावर वाकवावा आणि आकार धरेपर्यंत ओले फडके लावून ठेवावा. हे जमत नसेल तर तयार लांब बेंड वापरावा. प्लंबिंगचा आखूड एल्बो मात्र कधीही नको. याशिवाय काळ्या मातीत सोल्युशनने चिकटवलेला प्रत्येक कपलर हा माती हलली की सुटू शकणारा सांधा असतो.

डीडब्ल्यूसी पाइप बाहेरून नालीदार आणि आतून गुळगुळीत असतो. वर्तुळाकार वाफ्याभोवती तो एका संथ वळणाने नेता येतो, सांधे कमी लागतात आणि मातीच्या हालचालीबरोबर तो थोडा वाकून घेतो. त्याचा तोटा असा की व्यास मोठा असल्याने दिव्याच्या बारीक खांबात तो शिरत नाही. तिथे पायाशी चेंबर करून पुढचा तुकडा वेगळा घ्यावा लागतो. गुंडाळीचा पाइप चरात लोळवताना वर-खाली लाटा राहतात आणि खोलगट भागात पाणी साचते. तसे पाणी कोणत्याही पाइपात कधी ना कधी येतेच, म्हणून आत घरातील साधी सुटी वायर न घालता आवरण असलेली, ओल्या जागेत चालणारी केबलच घालावी, आणि पाइपाला तळाशी खडी असलेल्या चेंबरकडे उतार द्यावा.

आर्मर्ड केबलला ओढण्याचा प्रश्नच नसतो. ती चरात ठेवली जाते. घुशींचा उपद्रव असलेल्या मळ्यातील घरासाठी माझा कल तिच्याकडेच असतो. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या बारा पट ठेवावी, म्हणजे पंधरा मिलिमीटरच्या केबलला अठरा सेंटिमीटर. आर्मर ग्लँडमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या पकडीत, नीट पकडून त्याचे अर्थिंग केलेच पाहिजे. पुढे जास्त क्षमतेची केबल लागली, तर मात्र पुन्हा पूर्ण खोदाई आहे. पाइप असता तर त्यात ठेवलेल्या नायलॉनच्या दोरीने ते काम अर्ध्या दिवसात झाले असते.

तेव्हा लाइन सरळ आणि जमीन मुरमाड असेल तर पीव्हीसी, काळी माती आणि नागमोडी पायवाट असेल तर डीडब्ल्यूसी, आणि लांब अंतर, घुशी व पुढे बदलाची शक्यता नसलेली मांडणी असेल तर आर्मर्ड केबल, असा माझा सल्ला राहील. गाडी जाणाऱ्या पट्ट्याखाली मात्र आर्मर्ड केबलही पाइपातूनच न्यावी.

खोलीच्या बाबतीत तिन्ही पर्याय सारखेच. कमी दाबाच्या केबलसाठी भारतीय मानक १२५५ मध्ये ७५ सेंटिमीटर सांगितले आहेत. खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि त्याहून वर इशारा पट्टी घालावी. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. चर बुजवण्याआधी प्रत्येक वळणापाशी भिंतीपासून टेप धरून फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी ठिबकची नळी टाकणाऱ्या माळ्याला पहार कुठे मारायची नाही ते दाखवता येते.