आधी झीलँड की आधी फ्यून? डॅनिश सिंफनी आणि निसर्गचित्रांच्या दोन जोड्या

डॅनिश वाद्यवृंदाचं संगीत तिथल्या निसर्गचित्रांसोबत ऐकून पाहायचं असेल, तर सुरुवातीला दोन जोड्या पुरेत. झीलँड बेटावरचे संगीतकार नील्स गाडे आणि चित्रकार लुंडब्यू, किंवा फ्यून बेटावरचा संगीतकार कार्ल नील्सन आणि तिथले चित्रकार.

गाडेचा जन्म 1817 चा, लुंडब्यूचा 1818 चा. कोपनहेगनमध्ये दाद न मिळालेली गाडेची पहिली सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) जर्मन संगीतकार मेंडेल्सोननं 1843 मध्ये लाइपझिगला वाजवली. लुंडब्यूचं ‘डॅनिश किनारा’ हे अडीच मीटर रुंद चित्रही 1843 चंच. वर्ष एक, पण नजर वेगळी. गाडेनं झीलँडच्या मैदानांवरच्या कवितेला स्वतःच दिलेली चाल सिंफनीत घेतली, आणि ती कविता राजा वाल्डेमारच्या शिकारीची. म्हणजे भूमी दिसते ती दंतकथेच्या आडून. लुंडब्यूकडे राजाबिजा कोणी नाही. रोस्किल्ड फ्योर्डकाठचा (फ्योर्ड म्हणजे जमिनीत शिरलेली समुद्राची खाडी) एक कडाच सगळी जागा व्यापतो. सिंफनी गोड आहे, पण चित्रापुढे जराशी सभ्य वाटते.

फ्यूनची जोडी मला जास्त घट्ट वाटते, कारण नातं घरापासूनचं आहे. नील्सनचे वडील घरं रंगवायचे आणि गावच्या लग्नसमारंभांत व्हायोलिन वाजवायचे. चित्रकार पीटर हान्सनचे वडीलही फ्यूनवरच्या फोबोर्ग गावातले रंगारी. दुसरा चित्रकार फ्रिट्झ सायबर्ग या वडिलांच्याच हाताखाली शिकला. ही माणसं शेताकडे पाहुण्यासारखी बघत नाहीत. हान्सननं नांगर वळवणारा शेतकरी रंगवला. नील्सनच्या तिसऱ्या सिंफनीच्या (1910-11) दुसऱ्या भागात सोप्रानो (उंच स्त्रीस्वर) आणि बॅरिटोन (मध्यम पुरुषस्वर) शब्दांशिवाय गातात. कथा नाही, राजा नाही, नुसती मोकळी हवा. अमुक चित्रावरून अमुक सूर सुचला, असं मात्र इथे काही नाही.

नील्सनची ‘हेलिओस’ ही वाद्यवृंद रचना डॅनिश निसर्ग समजून ऐकू नका. ती 1903 मध्ये अथेन्समध्ये लिहिली, सूर्योदय एजियन समुद्रावरचा.

प्रवासाच्या दृष्टीनं झीलँड सोपं: लुंडब्यूचं ते चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातच आहे. फ्यूनच्या चित्रकारांसाठी फोबोर्गच्या संग्रहालयात जायचं तर ओडेन्सपर्यंत रेल्वे, पुढे बस. कोपनहेगनमध्ये एकच दिवस असेल तर अर्थातच गाडे-लुंडब्यू. घरी बसून ऐकणार असाल तर आधी नील्सनच्या तिसऱ्या सिंफनीचा तो दुसरा भाग लावा. आवडला तर पुढे नील्सनचंच ‘फ्यूनचा वसंत’ ऐका, तिथे गायनवृंदही आहे.