अँकीवर फ्रेजल व्हर्ब्ज: आठ महिन्यांनंतर

अँकी हे कार्डांवरून पाठांतर करून घेणारं अ‍ॅप, आणि फ्रेजल व्हर्ब्ज म्हणजे 'पुट ऑफ'सारखी, मागे छोटा शब्द लागून अर्थ बदलणारी इंग्रजी क्रियापदं. ती त्यावर पाठ करायचं हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते आधी सांगते. मी सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. एकदा सकाळी चार्ज घेताना रात्रपाळीतल्या सहकाऱ्याची नोंद वाचली: 'डिस्क अलार्म वेंट ऑफ अ‍ॅट थ्री.' ऑफ म्हणजे बंद. दिवा ऑफ, पंखा ऑफ, तसाच अलार्म ऑफ. तीनला थांबला वाटतं, चला सुटलो, असं म्हणून मी खाली 'रिझॉल्व्ह्ड' लिहून मोकळी झाले. प्रत्यक्षात तीनला तो वाजायला लागला होता, कुणीतरी आवाज बंद करून ठेवला होता, आणि डिस्क भरतच चालली होती. पुढचे दोन तास काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही.

माझं इंग्रजी तसं वाईट नव्हतं. परीक्षेत मार्क मिळायचे, ईमेल बिनचूक जायचे. पण ते सगळं 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' या घराण्यातलं. कॉलवरची माणसं म्हणायची 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इनटू'. पहिली लॅटिनमधून आलेली, पुस्तकी; दुसरी घरगुती. मराठी शिकणाऱ्या एखाद्याला 'स्थगित करणे' पाठ असावं आणि 'पुढे ढकलू या' ऐकल्यावर तो काय ढकलायचंय ते शोधू लागावा, तशी माझी गत. यात आपणच मठ्ठ आहोत असं मात्र नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा शेपटीचा शब्द लावून अर्थ फिरवण्याची पद्धत परक्यांना सगळ्यात जड जाते. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, जडच जातेय.

तर अँकी. ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी: कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आठवलं की नाही ते आपणच बटण दाबून सांगायचं. आठवलं तर कार्ड काही दिवसांनी येतं, परत आठवलं तर आणखी लांबतं, विसरलं तर लगेच पुन्हा समोर. बाकी सगळं तुम्ही आत काय भरता त्यावर.

आणि मी पहिले अडीच महिने कचरा भरला होता. कुणीतरी तयार करून ठेवलेला आयता डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवला, सहाशेच्या वर कार्डं, इंग्रजी वर्णानुक्रमाने. एका बाजूला 'गेट ओव्हर', दुसऱ्या बाजूला चार-पाच शब्दांत अर्थ. 'गेट'चा आठवडा आला तेव्हा 'गेट बाय', 'गेट ओव्हर', 'गेट थ्रू', 'गेट अराउंड', 'गेट अवे' एकापाठोपाठ एक उगवले आणि डोक्यात सगळ्यांचा एकच लगदा झाला. एकसारखी दिसणारी पोरं एकाच दिवशी वर्गात आली तर मास्तर कुणाचं नाव कुणाला लावणार? त्यात नव्या कार्डांचा आकडा मूळ सेटिंगप्रमाणे रोज वीसवरच ठेवला होता, हावरटपणा दुसरं काय. नऊ दिवस आजारी पडले, परत उघडलं तर तीनशे चाळीस कार्डं तुंबलेली.

अँकीत एक गंमत आहे. एखादं कार्ड तुम्ही आठ वेळा विसरलात की ते त्याला 'लीच', म्हणजे जळू, असा शिक्का मारतं आणि सेटिंग तसं असेल तर रांगेतून बाजूलाही काढतं. माझ्याकडे एकाहत्तर जळवा झाल्या. त्या चाळताना लक्षात आलं की जवळपास सगळ्या 'गेट', 'टेक' आणि 'पुट'च्या. डेक उडवून टाकला.

दुसऱ्या खेपेला यादीच छोटी घेतली. गार्निए आणि श्मिट या दोन संशोधकांनी 2015 मध्ये सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या 150 फ्रेजल व्हर्ब्जची यादी केली आणि प्रत्येकाचे खरोखर वापरात असलेले तेवढेच अर्थ ठेवले; सगळे मिळून 288. हा आकडा माणसाच्या आवाक्यातला वाटतो. त्यातले मला लागणारे निवडले, क्रम मुद्दाम विस्कटला, रोज नवी फक्त पाच. आणि कार्डं स्वतः लिहिली. खरी मेख इथेच होती.

'पुट अप विथ'चं उदाहरण घ्या. जुन्या कार्डावर अर्थ होता 'सहन करणे'. सात वेळा विसरले. सहन आपण दुखणं करतो, अपमान करतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं मोठमोठ्याने फोनवर बोलणं आपण सहन करत नाही, चालवून घेतो. नवीन कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहिलं: 'त्याचं रोजचं उशिरा येणं मी किती दिवस चालवून घेऊ?' मागे: 'हाउ लाँग शुड आय पुट अप विथ हिज कमिंग लेट?' त्यानंतर ते एकदाही चुकलं नाही. मग सुचतच गेलं. 'फॉल थ्रू' म्हणजे 'अयशस्वी होणे' कशाला, बेत बारगळला. 'शो अप' म्हणजे उगवणे, तेही दहाची मीटिंग असताना साडेदहाला. 'लेट डाउन' म्हणजे ऐनवेळी तोंडघशी पाडणे. 'गेट बाय' म्हणजे भागणे: 'एवढ्यात भागेल का?' 'स्टँड आउट'ला तर आपल्याकडे उठून दिसणे तयारच आहे. ते उभे राहतात, आपण उठतो, एवढाच फरक.

आणि इथे मला एक उशिराच कळलं. आपणही हेच करतो की! खाऊन टाक, सांगून टाक, वाचून काढ, बसून घे, विसरून जा. परक्या माणसाने विचारलं की 'सांगून टाक'मध्ये नक्की काय आणि कुठे टाकायचं, तर काय उत्तर देणार? त्यातलं 'टाक' फक्त काम एकदाचं पुरं कर एवढंच सांगतं. इंग्रजीतला 'अप' पुष्कळदा नेमकं तेच करतो: 'यूज अप' संपवून टाकणे, 'टेअर अप' फाडून टाकणे. हे बसल्यावर 'अप'ची भीती बरीचशी गेली. पण याचा नियम करू नका, मी केला आणि फसले. 'ऑफ' म्हणजे सुटणे, तुटणे, लांब जाणे, असा ठोकताळा मांडला होता. 'टेक ऑफ', 'कट ऑफ', 'ब्रेक ऑफ' सगळे शहाण्यासारखे बसले. मग आलं आमचं 'गो ऑफ'. दिवे गो ऑफ झाले तर जातात, अलार्म गो ऑफ झाला तर बोंबलायला लागतो, दूध गो ऑफ झालं तर नासतं. तिन्हींची वेगळी कार्डं केली, महिना-महिना अंतर ठेवून घातली.

दुसरी भानगड कर्माच्या जागेची. 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं, पण फॅनच्या जागी 'इट' आला की तो मध्येच बसणार: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर'मध्ये मध्ये काहीच शिरू देत नाहीत, 'लुक आफ्टर हर' असंच. नियम पाठ असून बोलताना चुकायचेच, म्हणून जे तुटतात त्यांच्या प्रत्येक कार्डावर मधोमध 'इट' घालूनच वाक्य लिहिलं: पुट इट ऑफ, फिगर इट आउट, टर्न इट डाउन. आता तोंडात तसंच येतं, विचार करावा लागत नाही.

कर्म गाळलं तर काय होतं याचा धडा पाचव्या महिन्यात मिळाला. कॉलवर आवाज फाटत होता. 'मेक आउट' म्हणजे नीट ऐकू येणे, कळणे, हे कार्ड पक्कं होतं. मी ठणकावून सांगितलं, 'सॉरी, वुई कुडन्ट मेक आउट इन दॅट मीटिंग.' पलीकडे चार सेकंद शांतता, मग एकाने घाईघाईने माइक बंद केला. 'मेक आउट व्हॉट ही सेड' म्हटलं असतं तर काही नव्हतं. पुढचं कर्म गाळलं की अमेरिकन माणसाच्या कानाला त्याचा अर्थ चुंबनाबिंबनाकडे जातो. हा अर्थ माझ्या कार्डावर नव्हता. आता आहे.

ऐकण्याबाबत मात्र ही पद्धत एकटी पुरत नाही, हे स्पष्ट सांगते. चार महिने झाले तरी कार्डावर फटकन येणारं कॉलवर निसटायचं, कारण तिथे 'पुट इट ऑफ' असं कुणी तोडून बोलतच नाही, 'पुडिडॉफ' असा एकच घास येतो. मग प्रत्येक कार्डाला आवाज जोडला आणि पुढच्या बाजूला लिखाण काढून नुसतं ऐकू येईल असं ठेवलं. पहिले पंधरा दिवस मान खाली घालायला लावणारे होते. पण जोर कुठे पडतो हे त्यातूनच कळलं: क्रियापद म्हणून 'ब्रेक डाउन' बोलताना जोर 'डाउन'वर, नाम झालं की 'ब्रेक'वर. हे आवाजाचं काम मी पहिल्याच दिवसापासून करायला हवं होतं.

आजचा हिशोब: 212 कार्डं, रोज बारा ते पंधरा मिनिटं, बहुतेक कार्डं दोन-तीन महिन्यांच्या अंतरावर गेलेली. समोरचा बोलला तर दहातले नऊ कळतात. स्वतःहून वापरते ते निम्मेच, लिहिताना अजूनही हात 'पोस्टपोन'कडे जातो. पुढच्या आठवड्यात मुलाखत असेल आणि तेवढ्यापुरतं हवं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, पहिला महिना काहीच हाती लागत नाही. आयता डेक घेणार असाल तरी तेच, तेवढ्या वेळात स्वतःची चाळीस कार्डं लिहून होतील.

जळवा अकरा उरल्यात. 'मेक अप'च्या तीन आहेत: थाप मारणे, भरून काढणे आणि भांडणानंतर गोडी होणे. तिन्ही दोनदा नव्याने लिहिल्या, तरी 'दे मेड अप' ऐकलं की त्यांनी कुठली थाप मारली तेच मी शोधत बसते. सध्या त्यांना रांगेबाहेरच ठेवलंय.