२८ लिटरचा ओटीजी, सात थरांचा बेबिंका आणि एफसी गोवावाली बायको

वर्ष होऊन गेलं वापरून, म्हणून आता लिहितोय. घेतल्या घेतल्या चौथ्या दिवशी पाच स्टार ठोकणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचूनच मी पैसे दिले होते आणि त्यातल्या एकानेही टायमरबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, ह्या किमतीतले सगळे खोके थोड्याफार फरकाने सारखेच असतात असं मला आता कळलंय, फक्त स्टिकर वेगळा.

तर वस्तू काय, २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे रॉडवर तापणारा छोटा ओव्हन), १५०० वॅट, वर दोन रॉड खाली दोन रॉड, तीन नॉब. गोव्यात फोंड्याला वरच्या बाजारातल्या एका दुकानात ६,२०० ला मिळाला, ऑनलाइन तीनशे रुपये स्वस्त होता पण काच फुटून आली तर कोण भांडत बसणार म्हणून दुकानातूनच उचलला. दुकानदाराने सांगितलं घरच्या साध्या प्लगवर चालतो. चालत नाही. १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो, आमच्याकडे तसा एकच, तो वॉशिंग मशीनचा, म्हणजे मागच्या बाल्कनीत. वायर जेमतेम हातभर. इलेक्ट्रिशियन बोलावून स्वयंपाकघरात पॉइंट काढून घेतला त्याचे ९०० वेगळे, म्हणजे ओव्हन पडला ७,१०० ला, हे घेताना हिशेबात धरा.

घरात आम्ही तिघं, मी, बायको आणि माझी आई. गोडाधोडाचं खातं माझ्याकडे. बायकोला स्वयंपाक येतो, चांगला येतो, पण तिचा जीव फुटबॉलमध्ये. माहेर मडगावचं, फातोर्ड्याचं स्टेडियम घरापासून चालत, त्यामुळे दोष तिचा नाही. २०१४ मध्ये एफसी गोवा निघाली तेव्हापासून ही तिथे, कपाटात माझ्या शर्टांपेक्षा तिच्या केशरी जर्स्या जास्त. आणि मॅच बघताना हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून क्रोशे. टीमच्या लोगोवर गवा आहे ना, तर ही लोकरीचे पिटुकले गवारेडे विणते, गळ्यात केशरी मफलर. फ्रिजवर तीन, गाडीत एक, आईच्या देव्हाऱ्याच्या कडेला एक होता तो आईने गुपचूप उचलून टीव्हीवर ठेवला. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मला काय मिळालं असेल ते सांगायला नकोच.

आता मुद्द्यावर येतो. हा ओव्हन केकसाठी मध्यम आहे. कुकीजसाठी त्याहून खाली. पण बेबिंक्यासाठी, म्हणजे आपल्या गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थासाठी, काय सांगू, जणू त्याच्यासाठीच बनवलाय. कारण बेबिंक्याला आच वरून लागते. खालून नाही. शेजारची आंटी लहानपणी आम्हाला दाखवायची, मातीच्या भांड्यात एक पळी पीठ ओतायचं आणि वरच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे, थर लाल झाला की झाकण उचलायचं, चमचाभर तूप, परत पळीभर पीठ, परत झाकण. दुपार अशीच जायची तिची, धुराने डोळे लाल. ह्या ओव्हनला वरचा रॉड, खालचा रॉड आणि दोन्ही असं वेगळं सिलेक्शन आहे. फक्त वरचा लावला की तेच झाकणावरचे निखारे, धूर वजा. मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, हौस म्हणून करून बघितलंय, नारळाच्या रसातली पिवळी खळ तयार झाली होती. २०२३ मध्ये आपल्या बेबिंक्याला जीआय टॅग (त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) मिळाला तेव्हा मी बायकोला म्हटलं आता तरी घरी जमायला पाहिजे, आणि तिथून ह्या खरेदीचा किडा डोक्यात शिरला.

माझं प्रमाण सांगून ठेवतो. दहा अंड्यांचा पिवळा बलक, दोन नारळांचा जाड रस, एक वाटी मैदा, साखर दीड वाटी (आंटी दोन घालते, तेवढं गोड आमच्याच्याने होत नाही), जायफळ, तूप सढळ हाताने. सहा इंची डबा. दर थराआधी पीठ तळापासून ढवळायचं, मैदा खाली बसतो आणि नाही ढवळलं तर वरचे थर जेलीसारखे आणि शेवटचा थर म्हणजे वीट. पहिल्या थराला पंधरा-सोळा मिनिटं लागतात. जसजसे थर चढतात तसतसं पीठ रॉडच्या जवळ जातं, म्हणून चौथ्या थरानंतर जाळी एक खाच खाली घ्यायची, हे मॅन्युअलमध्ये नाही, दोन बेबिंके करपवल्यावर समजलं. उरलेल्या दहा पांढऱ्यांचं काय करायचं ते मात्र विचारू नका, आठवडाभर ऑम्लेट खातोय आम्ही, आई सोडून.

सात थर म्हणजे साधारण पावणेदोन तास. आणि फुटबॉलची मॅच? पंचेचाळीस अधिक पंधरा अधिक पंचेचाळीस, वर इंज्युरी टाइमची चार-पाच मिनिटं. हे गणित बायकोने काढलं. साडेसातला किक-ऑफ, साडेसातला पहिला थर आत, शिट्टी वाजते तेव्हा सातवा बाहेर. तेव्हापासून आमच्याकडे बाहेरगावची मॅच म्हणजे बेबिंका हे ठरून गेलंय. घरची मॅच असली की ओव्हन बंद, आम्ही बोरीच्या पुलावरून मडगावला, येताना कुठेतरी रस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट.

आता टायमर. ह्याच्यावर मी एक पूर्ण स्टार कापलाय. स्प्रिंगचा टायमर, जास्तीत जास्त ६० मिनिटं, आणि कायम चालू ठेवायची सोयच नाही. शून्यावर आला की रॉड बंद. 'टिंग' इतकी बारीक की शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असेल तर ऐकू येणं अशक्य. दुसऱ्याच वेळी झालं हे, मी पाचवा थर ओतला, दार लावलं, बाहेर पेनल्टी मिळाली म्हणून बायको ओरडली म्हणून मी धावलो, मग त्यावर दहा मिनिटं चर्चा, परत येऊन दार उघडतो तर थर तसाच पांढरा, रॉड गार. मला वाटलं लाईट गेली. बल्ब लावून बघितला, लाईट आहे. मग उजेड पडला की ६० मिनिटं कधीच संपलीत. परत तापवला पण मधला थर बसला तो बसलाच, कापल्यावर तिथून सुटून येत होता, पुस्तकाचं बाइंडिंग निघावं तसा. दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला सगळे असेच असतात. नसतात, थोड्या महाग मॉडेलना ती सोय असते, नॉब उलटा फिरवला की चालूच राहतो, घेताना हे विचारूनच घ्या.

ह्याच्यावर तोडगा पण मॅचनेच दिला. किक-ऑफला टायमर पूर्ण ६० वर. मध्यंतर संपून टीम परत मैदानात येतात तेव्हा साधारण साठ मिनिटंच झालेली असतात. म्हणजे मध्यंतरात जाऊन नॉब परत पूर्ण फिरवायचा की झालं. आता बायकोच आठवण करते, "अरे, हाफ टाइम, तुझा नॉब!" आई म्हणते ह्या घरात स्वयंपाकसुद्धा रेफ्रीच्या शिट्टीवर चालतो.

थर्मोस्टॅटबद्दल पण लिहायला हवं. साडेतीनशे रुपयांचं ओव्हन थर्मामीटर आणून आत लटकवलं, नॉब १८० वर, काटा २०५ वर. म्हणजे पंचवीसने जास्त. एकदा कळलं की त्रास नाही, मी १८० हवं असेल तेव्हा १५५ च्या आसपास ठेवतो, पण पुस्तकातली रेसिपी बघून केक करणारा माणूस करपलेला केक बघून स्वतःलाच दोष देत बसेल. मागचा डावा कोपरा जास्त तापतो, दर थराला डबा अर्धा फिरवायचा. आत दिवा नाही. मोबाईलचा टॉर्च काचेला लावून बघावं लागतं, आणि ते करताना कपाळ काचेला टेकवू नका, अनुभव आहे. विजेचं म्हणाल तर फक्त वरचे रॉड म्हणजे ७५० वॅटच्या आसपास, दोन तासांत जास्तीत जास्त दीड युनिट, तेवढ्याला कोणी गरीब होत नाही. इन्व्हर्टरवर मात्र लावू नका, आणि पावसाळ्यात आमच्या बाजूला लाईटचा भरवसा नाही तर अंडी फोडायच्या आधी आभाळ बघा.

रोजच्या रोज सगळ्यात जास्त वापर कशाला होतो सांगू? पोयी, म्हणजे गोव्याचा पाव, गरम करायला. सकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत येतो तेव्हा घेतलेली पोयी संध्याकाळी चामड्यासारखी होते, पाण्याचा हात लावून पाच मिनिटं आत टाकली की कड कुरकुरीत, आत मऊ. तव्यावर हे नाही होत. आईला ओव्हन आवडला तो इथे. तोपर्यंत "पेटी" म्हणायची त्याला.

आईवरून आठवलं, चतुर्थीला मी हुशारी करून नेवऱ्या (करंज्या) ओव्हनमध्ये भाजल्या. तेल कमी, आरोग्य वगैरे. दिसायला झकास. आईने एक मोडली, त्याचा आवाज ऐकला, पुडी बांधल्यासारखी बाजूला ठेवली आणि काही न बोलता कढई चढवली. पाहुण्यांपुढे गेल्या त्या तळलेल्याच. माझ्या मी डब्यात भरून ऑफिसला नेल्या, तिथे संपल्या, पण ऑफिसात काय, फुकटचं सगळंच संपतं. रव्याचा आणि खोबऱ्याचा बाथ (गोव्याचा केक) मात्र अंडं न घालता दही घालून मस्त होतो, श्रावणात तोच करतो. नानकटाई ठीक.

आता तो प्रसंग. बायकोने मला ओव्हनसाठी हातमोजा विणला, केशरी, मनगटावर छोटा गवा. दिसायला एकदम खास. मी तो घालून तिसऱ्या थराचा डबा काढायला हात आत घातला आणि अंगठ्याचं टोक वरच्या रॉडला लागलं. "अगो, करपता गो तें!" म्हणेपर्यंत अंगठा वितळून रॉडला चिकटला सुद्धा. लोकर कसली, ऍक्रिलिक धागा, प्लॅस्टिकच तो. हात वाचला, पण जळक्या प्लॅस्टिकचा वास चार दिवस ओव्हनमध्ये, बेबिंका फेकावा लागला, रॉड गार झाल्यावर लाकडी कालथ्याने खरवडून काढलं आणि मग खिडक्या उघड्या टाकून रिकामा ओव्हन अर्धा तास तापवला. रॉडला पाणी लावू नका, साबण तर नाहीच. बायकोला वाईट वाटलं, पण त्यातही तिचं म्हणणं असं की मी हात वाकडा घातला.

आणि एक नियम आहे घरात जो मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत डबा उलटा करायचा नाही. मॅच खिशात असली तरी नाही. २० डिसेंबर २०१५, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल, फातोर्डा, ही आतेभावाबरोबर स्टँडमध्ये, आमचं लग्न व्हायचं होतं अजून. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, गोवा २-१ ने पुढे, आतेभावाने तिथेच पेढ्यांचा बॉक्स फोडला. ९० व्या मिनिटाला आपल्याच गोलमध्ये बॉल, मग इंज्युरी टाइममध्ये चेन्नईच्या मेंडोझाचा गोल, चेन्नई ३-२. पेढा तोंडात होता म्हणते, गिळता येईना. मला ही अंधश्रद्धा वाटायची. मग ६ एप्रिल २०२५, सेमीफायनल, ह्या वेळी मी पण स्टेडियममध्ये. दोन मॅचचे गोल मिळून निकाल, त्यातली पहिली बेंगळुरूने २-० ने घेतलेली, ८८ व्या मिनिटाला आमच्या सादिकूने एकूण बरोबरी साधून दिली, मी खिशातल्या चॉकलेटला हात घातला, तिने माझा हात धरला तो तसाच. दोन-तीन मिनिटांनी बेंगळुरूच्या छेत्रीचा हेडर, गोल. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही, चॉकलेट खिशातच वितळलं. त्यानंतर मी नियमावर काही बोलत नाही.

पण ३ मे २०२५ ला भुवनेश्वरला सुपर कपची फायनल, जमशेदपूरला ३-० ने हरवलं, आमच्या बोर्हाचे दोन गोल. तो बेबिंका आतापर्यंतचा सगळ्यात चांगला झालाय, सातही थर मोजता येतील असे, वरचा गडद तपकिरी. तिसऱ्या गोलनंतर मी सुरी काढली तर बायकोने नुसतं बघितलं, परत ठेवली. खरं तर बेबिंका रात्रभर थंड करून दुसऱ्या दिवशी कापायचा, तेव्हा थर सुबक सुटतात, पण त्या रात्री शिट्टी वाजली आणि तिने गरम डबा ताटात उलटा केला, कडा मोडली, ती मोडलेली कड तिघांनी उभ्या उभ्या खाल्ली. आईने पण. अंडं आहे हे तिला माहीत होतं.

तर माझे पाचपैकी साडेतीन. बेबिंका, पोयी, बाथ करणार असाल तर डोळे झाकून घ्या, बारीकसारीक केक-पेस्ट्री करायची असेल तर दोन हजार जास्त घालून टायमर कायम चालू राहणारं आणि आत दिवा असलेलं मॉडेल बघा. दोन वर्षांची वॉरंटी आहे, पण सर्व्हिसवाले घरी येत नाहीत, ओव्हन तुम्हीच उचलून न्यायचा, थर्मोस्टॅट दाखवायला मी गेलोच नाही. नवीन हातमोजा विणायला घेतलाय तिने, ह्या वेळी कॉटनचा आहे म्हणते. मी कापडी मसोता वापरतोय, तिला दिसणार नाही असा.